सरकवलेला नाला

"नाला कुठून जाते, ताई?" प्रणालीने दुसऱ्यांदा विचारलं. रांगोळीची चिमूट धरलेला कमलचा हात जमिनीपासून वीतभर वर थांबला होता.

विहाराच्या अंगणात सिद्धार्थ मोहल्ला निम्म्याहून जास्त उतरला होता. पाच गल्ल्या, दोन हँडपंप, अंगणवाडी, पिंपळाचा ओटा, सगळं पांढऱ्या रेघांनी. एक हात म्हणजे साठ फूट, असं नगरपालिकेकडून आलेल्या प्रणाली मॅडमने सकाळीच दोरी धरून ठरवून दिलं होतं. पांढुर्णा जिल्हा झाला आणि नगरपालिकेने गरीब वस्त्यांचे आराखडे करायला घेतले. रस्ता कुठे, गटार कुठे, जागेचा पट्टा कोणाला, दुसरीकडे घर कोणाला. वरून ड्रोन फिरवून झालं, पण ड्रोनला बिचाऱ्याला छपरंच दिसणार. नदीकडे जाणारा जुना नाला लोकांनी तीस वर्षांत फरश्या टाकून कधीच झाकून टाकला होता. कोणी वर न्हाणी बांधली, कोणी ओटा. तो कोणाच्या घराखालून जातो हे आता मोहल्ल्यातल्या माणसांनीच सांगायचं होतं. मॅडम म्हणाली, तुम्हीच काढा नकाशा. आणि सगळ्या बाया एका आवाजात म्हणाल्या, कमलले सांगा.

त्यांचंही बरोबर होतं. कमल अंगणवाडीची सहायिका. सोळा वर्षांपासून रोज सकाळी दारोदार फिरून पोरं गोळा करायची. कोणाच्या दाराला किती पायऱ्या आहेत, कोणाचं कुत्रं चावरं आहे, कोणत्या गल्लीत पाणी साचतं, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. रांगोळीचा हातही चांगला होता.

पण बाई भित्री. आता यात लपवण्यासारखं काही नाही, सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. कुकरची शिट्टी झाली की दचकायची. विजेचं बिल भरलेलं असूनही बिलवाला दिसला की तिचे हातपाय गार पडायचे. सुपरवायझरबाईंची गाडी आली की ती पदर सावरून भिंतीला लागून उभी राहायची.

आणि या वेळी भ्यायला कारणही होतं. नाला तिच्या स्वयंपाकघराच्या बरोबर मधून जात होता. मोनाली पोटात होती तेव्हा तिच्या नवऱ्याने, हिरामणने, तिगावच्या एका पडक्या गोदामातल्या जाड फरश्या आणून त्यावर टाकल्या आणि खोली वाढवली. त्याला वीस वर्षं झाली. नाल्यावरच्या घरांना दुसऱ्या वॉर्डात, तिगाव रोडवरच्या चार मजली इमारतीत हलवणार, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि सहायिका त्याच वॉर्डात राहणारी पाहिजे, हे कमलने सुपरवायझरबाईंच्या तोंडून ऐकलं होतं. म्हणजे घर गेलं की नोकरीही गेली. हिरामणची पाठ संत्र्याच्या मंडीत पेट्या उचलून कामातून गेलेली. मोनाली छिंदवाड्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सगळं त्या नोकरीवर चाललेलं.

कमलने इकडेतिकडे पाहिलं. बहुतेक बाया नंतर राहायला आलेल्या, त्यांना फरशीखालचं काय माहीत असणार? माहीत होतं ते पंचफुलाला. गल्लीपलीकडची ही म्हातारी पायरीवर बसली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. तिला काय दिसतं कोण जाणे.

"गल्लीतून," कमल म्हणाली. आणि तिने रेघ आपल्या घराच्या कोपऱ्यावरून वळवली, चार बोटं बाजूला सरकवली, आणि आपलं घर आणि पंचफुलाचं घर यांच्यामधल्या गल्लीतून खाली नेली.

गल्लीत कोणाचं काय जातं? असं तिने मनाशी म्हटलं. तिथे कोणी राहत नाही, कोणाची चूल नाही. रेघ म्हणजे रेघ.

प्रणालीने स्टुलावर चढून फोटो काढले. खाली चाळीस जणांच्या सह्या झाल्या, काहींचे अंगठे. पंचफुलानेही अंगठा दिला. त्या दिवशी कमलला जेवण गेलं नाही, पण दोन दिवसांनी जायला लागलं.

वीस दिवसांनी विहाराच्या भिंतीवर यादी लागली. नाल्यामुळे हलवायची सात घरं. कमल पोरांची रांग घेऊन जाता जाता थांबली. स्वतःचं नाव नव्हतं. तिने हुश्श केलं, आणि मग पाचवं नाव वाचलं. पंचफुला.

तिला वाटलं, चुकून आलं असेल. तिने तिथे उभ्या असलेल्या प्रणालीला विचारलं. प्रणाली बोरगावची पोरगी, समजावून सांगायची हौस होती तिला. म्हणाली, "नाला साफ कराले मशीन आत गेली पायजे न, ताई. म्हणून नाल्याच्या खालच्या अंगाला बारा फूट वाट सोडा लागते. गल्ली सहा फुटांची. मंग पंचफुलाबाईचं घर त्या वाटेत येते. मंगळवारपर्यंत लोकायचे आक्षेप लिहून घेऊन राहिलो आम्ही. मंग फाइल भोपाळले जाते."

रेघेला कागदावर रुंदी असते हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. एका पोराने तिचा पदर ओढला, "बाई, सू लागली," तेव्हा ती भानावर आली.

पंचफुला सत्तरीच्या पुढची, एका खोलीत एकटी. मोहल्ल्यातली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, मोनालीसुद्धा. कोणाकडून सकाळचा चहा, कोणाकडून भाकर, कोणी अंघोळीला पाणी आणून ठेवायचं. असं करत तिचं चाललं होतं. चार मजली इमारतीत तिला कोण ओळखणार होतं? जिना तरी चढणार होती का ती?

दुपारी कमल नेहमीसारखी तिला भाजी द्यायला गेली. भांडं ठेवलं आणि लगेच निघायला वळली.

"बस न जराशी," पंचफुला म्हणाली. "माहं नाव आलं म्हणते यादीत."

"हाव, आत्या."

"मी पायलं होतं, तू रेघ वळवली ते."

कमल मटकन खाली बसली. "मंग तवाच बोलली काहून नाही तू?"

"काय बोलू? तुही नोकरी जाईन, पोरीचं शिक्षण राहीन. मले काय लागते? एक खाट आन एक गडवा. कुठंबी टाकतीन."

"तुले भेव नाही लागत?"

म्हातारीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "लागते न," ती म्हणाली. "तिथं मेली तर चार दिवस कोणाले समजनार नाही, याचं भेव लागते. पन तू नको बोलू. म्या अंगठा देला हाये."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं कमलला वाटलं. तिने रडत रडत घर गाठलं.

सोमवारी तिने हिरामणला सांगितलं. तो खाटेवर पालथा पडला होता, ती त्याच्या पाठीला तेल लावत होती. त्याने सगळं ऐकलं. "बोलशील तर आपल्या हातानं घर पाडशील," तो म्हणाला. "मंग मले इचारू नको का आता जाचं कुठं."

"तुमाले इचारून नाही राहिली. सांगून राहिली."

"भेतेस न एवढी. तुह्यानं होईन?"

तिच्यानं होईल असं तिलाही वाटत नव्हतं.

मंगळवारी पोरांना अंगणवाडीत पोचवून ती विहारात गेली. प्रणाली टेबल टाकून बसली होती, पुढे सात-आठ माणसांची रांग. कमलने वाक्य पाठ केलं होतं: मॅडम, नाला माह्या घराखालून जाते. एवढंच. रांग पुढे सरकत गेली तसं ती ते मनातल्या मनात घोकत राहिली. नंबर आला. प्रणालीने मान वर केली. "बोला, ताई."

"हँडपंपाचा दांडा ढिला झाला," कमल म्हणाली.

"कोणता? विहाराजवळचा?"

"हाव."

प्रणालीने लिहून घेतलं. कमल बाहेर आली, चपला घातल्या आणि पिंपळापर्यंत पोचली. तिथे तिला स्वतःची एवढी लाज वाटली की उन्हातच उभी राहिली. दांडा खरंच ढिला होता, पण त्यासाठी का ती आली होती? तशीच परत फिरली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. या वेळी नंबर आला तसे तिने दोन्ही हात टेबलावर टेकले, परत पळता येऊ नये म्हणून.

"मॅडम, नाला माह्या घराखालून जाते. गल्लीतून नाही जात. मीनं रेघ सरकवली होती."

प्रणालीचा पेन थांबला. तिने आधी कमलच्या मागे कोणी आहे का ते पाहिलं. "ताई, नकाशावर चाळीस सह्या हायेत. आता बदलाचं तर पुरावा लागते. आन तुमचं घर यादीत येईन. समजून राहिलं न तुमाले?"

"समजून राहिलं."

"नोकरीचं काय?"

"ते मले नका इचारू," कमल म्हणाली. तिला रडू यायला लागलं होतं. "इचारसान तर मी परत जाईन. पुरावा पायाले चला."

कमलच्या मागे प्रणाली आणि तिच्या मागे रिकामी बसलेली पाच-सहा माणसं अशी वरात गल्लीत आली. पंचफुलाने दारातून ते पाहिलं आणि तिला सगळं समजलं. काठी टेकत ती थेट प्रणालीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"मॅडम, हिचं काई ऐकू नका. हिचं डोस्कं फिरलं. पन्नास वर्सं झाले मले इथं. नाला गल्लीतच हाये."

"आत्या, सरक बाजूले."

"नाही सरकत. तू मोठी शहाणी झाली का? मॅडम, लिवून घ्या, पंचफुला म्हणते गल्लीतच हाये. देऊ का अजून एक अंगठा?"

प्रणाली एकीकडून दुसरीकडे पाहत राहिली. दोघीही आपापलं घर घालवायला भांडताहेत, असा आक्षेप तिच्या रजिस्टरात बसणारा नव्हता.

कमल आत गेली. तिने स्वयंपाकघरातला गॅस बाजूला केला, पिठाचा डबा, पाण्याची कोठी, पाटा सगळं पुढच्या खोलीत नेऊन ठेवलं. कोठी नेताना पाणी सांडलं, तेही तिने पुसलं. मग फरशीच्या फटीत बोटं घालून ओढायला लागली. फरशी काही हलेना. हलणार कशी, चार माणसांनी उचलून ठेवलेली ती. कमल तरी ओढतच होती. दोन नखं तुटली.

हिरामण दारात उभा राहून बघत होता. मागच्या दाराने जाऊन त्याने सब्बल, लोखंडी पहार, आणली. कोणत्या कोपऱ्यात टोक घालायचं हे त्यालाच माहीत होतं, त्यानेच बसवलेली फरशी. "हट," तो बायकोला म्हणाला, आणि दुखऱ्या पाठीने त्याने सब्बलीवर भार टाकला. मागच्या माणसांपैकी दोघं पुढे झाले.

फरशी उचलली गेली तसा दमट, कुजका वास आला. खाली काळं पाणी शांतपणे वाहत होतं, नदीच्या दिशेला.

पंचफुला गल्लीतच खाली बसली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "काय केलं माय तुनं हे."

प्रणालीने पिशवीतून मोजायची फीत काढली. नाल्याच्या काठापासून पंचफुलाच्या भिंतीपर्यंत किती, ते मोजायचं होतं. बारा फूट भरले तर म्हातारीचं घर वाचणार, नाही तर दोघींचीही जाणार. हे तिने कमलला आता सांगितलं. असंही होऊ शकतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"एक टोक कोणीतरी धरा लागते," प्रणाली म्हणाली.

हिरामणने हात पुढे केला, पण कमल आधीच गुडघ्यांवर बसली होती. तिने फितीचं टोक नाल्याच्या दगडी काठावर ठेवलं आणि वरून दोन्ही तळवे दाबले. फीत तिच्या चुलीच्या जागेवरून, उंबऱ्यावरून, गल्लीतून पलीकडे गेली. बाहेर प्रणाली भिंतीपाशी वाकली. कमलचे हात एवढे कापत होते की फीत सगळीच्या सगळी थरथरत होती.

"ताई, घट्ट धरा," प्रणालीचा आवाज आला. "जराबी हलवू नका."

"नाही हलवत," कमल म्हणाली, आणि छाती टेकेपर्यंत तळव्यांवर ओणवी झाली.

"साडेतेरा फूट," प्रणालीने बाहेरून सांगितलं.

कमलने टोक सोडलं नाही. प्रणालीने ते लिहून घेईपर्यंत ती तशीच दाबून बसून राहिली.