नितेशच्या नावाच्या कुप्या

यकृत बिघडलं की त्यातलं एक एन्झाइम रक्तात उतरतं. ते हुडकून काढणारी अँटिबॉडी मी अमरावतीच्या आमच्या प्रयोगशाळेत वापरत होते. एन्झाइम असेल तर पट्टीवर काळी रेघ, नसेल तर पट्टी कोरी.

तुलनेला निरोगी रक्त लागतं. आपल्या प्रयोगात आपलंच रक्त घालायचं नाही, हा आमच्याकडचा दंडक; एकमेकींना द्यायचं. त्या सकाळी मी माझं रक्त मैत्रिणीला, पायलला दिलं आणि अकोल्याहून आलेल्या धाकट्या भावाला, नितेशला, तिच्यासमोर बसवलं. मी चहा घेऊन येईस्तोवर तिनं त्याच्या नावाच्या कुप्या भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवल्यासुद्धा.

पहिली कुपी कोरी निघाली. दिवाळीनंतर उघडलेल्या कुपीत पुसट रेघ आली. मी अँटिबॉडीला शिव्या घातल्या, नवी मागवली. संक्रांतीला रेघ ठसठशीत झाली. एकाच दिवशी काढलेलं, दगडासारखं गोठलेलं रक्त. त्यात काय वाढणार? पण वाढत होतं. दिवाळीपासून माझं जेवण जात नव्हतं, ते मी या काळजीवर ढकललं. होळीला रेघ काजळासारखी काळी आली आणि मी घाबरले. एकुलता एक भाऊ माझा.

तडक अकोला गाठलं.

"मले काय धाड भरली?" नितेश म्हणाला. तरी ओढतच लॅबमध्ये नेलं. डोळे गच्च मिटून, माझा हात आवळून त्यानं रक्त दिलं. रिपोर्ट आला तो ठणठणीत. मी तिथेच जिन्यात बसून रडले.

"ताई, कावून रडून राहिली? एक सांगतो, मारशीन नको." तो खाली बघत म्हणाला, "तवा सुई पाहूनच मले घेरी आली होती. पायलताईच्या पाया पडलो. तिच्यापाशी तुयं रक्त होतं, तेच तिनं माह्या नावाच्या कुप्यात भरलं."

"भित्री भागूबाई!" म्हणून मी हसले. अर्ध्यातच हसू थांबलं.

पहिली कुपी कोरी होती, तेव्हा मीही दोन भाकरी जास्त खात होते.

नितेश अजून हसत होता. मी जिना चढून परत वर गेले, बाही सरकवली. सुईचं मला कधीच काही वाटत नाही. त्या दिवशी मात्र नितेशचा हात मी घट्ट धरला.