माझी उंची वजा करून

मी तुरुंगातल्या मुलाखतीच्या खोलीतलं स्टूल बोलतोय. खुर्ची-टेबलासारखा तोरा मला नाही. लोक माझ्यावर पाय देऊन उभे राहतात आणि वर मलाच म्हणतात, "डुगडुगतंय बघ मेलं!" चालायचंच. ज्याचा जन्मच पायाखाली जायला झाला, त्यानं मानपानाची अपेक्षा करू नये. पण आज मला बोलायचंय, आणि पायांबद्दलच बोलायचंय. माझ्या पायांबद्दल आणि एका पोरीच्या पायांबद्दल.

माझा जन्म तुरुंगातल्या सुतारकामाच्या कारखान्यात झाला. लांबलचक शेड, वर पत्रा, खाली घोट्यापर्यंत भुसा. सकाळी कैदी रांगेनं आत येतात आणि दिवसभर शाळांची बाकं, ऑफिसांची टेबलं बनवतात. भिंतीवर एक मोठा फळा आहे. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली आहे. करवतीची जागा करवतीला, रंध्याची रंध्याला. संध्याकाळी एखादी जरी आकृती मोकळी दिसली, तरी कुणी शेडबाहेर पाऊल टाकायचं नाही. एकदा एक पटाशी सापडेना म्हणून सगळे भुसा चाळत बसले, आणि शेवटी ती निघाली मास्तरांच्याच खिशात. मास्तर म्हणजे काम शिकवणारे, बाहेरून नोकरीला येणारे. तोंडानं फटकळ, मनानं मऊ.

ज्यानं मला घडवलं त्याला सगळे 'ड्रायव्हर' म्हणायचे. बाहेर तो ट्रक चालवायचा. एका संध्याकाळी भांडणात त्यानं हात उगारला आणि समोरचा माणूस परत उठला नाही. ते तो कधी झाकून ठेवायचा नाही. म्हणायचा, "डोकं गरम आहे माझं. त्याचंच भोगतोय." रंधा हातात धरायलाही तो इथंच शिकला. सुरुवातीला त्याच्या हातची बाकं अशी व्हायची, की मास्तर म्हणायचे, "यावर बसणारं पोर वर्गात झोपणार नाही, घसरत राहील." पुढं हात बसला. त्याची एक सवय मला फार आवडायची. काम संपलं की तो लाकडावरून उघडा तळहात फिरवायचा, हळू, डोळे मिटून. कुठं लाकडाचं कुसळ राहिलं असेल तर आधी त्याच्या हाताला लागू दे, मग दुसऱ्याला.

बाकं भरायला ट्रक आला की मात्र त्याला आवरायचं नाही. शेडच्या दारात उभा राहून तो आपला पुटपुटत असायचा, "येऊ दे, येऊ दे... डावीकडं मार... हां, बस." बाकं फाटकाबाहेर जायची आणि तो बराच वेळ फाटकाकडंच बघत राहायचा. मास्तर ओरडायचे, तेव्हा भानावर यायचा.

त्याला एक लेक होती. पोरीची आई बाळंतपणानंतर चार महिन्यांतच गेली, आणि बापाला शिक्षा लागल्यावर तिला काकूनं, म्हणजे त्याच्या वहिनीनं, पदराखाली घेतलं. बाप तिला 'पिटुकली' म्हणायचा. दर महिन्याला वहिनी तिला घेऊन भेटायला यायची. पण आमच्याकडची मुलाखत कशी असते, ते सांगायला हवं. एकेका कैद्यासाठी कपाटाएवढं लाकडी खोकं असतं. मधोमध भिंत, छातीपर्यंत बांधलेली, आणि वर काच. काचेला बारीक भोकं, त्यातून बोलायचं. आधी घरच्यांना खोक्यात उभं करून मागचं दार लावतात, मग पलीकडून कैद्याला आणतात. जाताना आधी त्याला नेतात. त्यामुळं छातीखालचं माणूस त्याला कधी दिसतच नाही.

पिटुकली तर भिंतीच्या पार खाली. वहिनी तिला कडेवर उचलायची, हात भरून आले की खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. बापाला लेक अशी हप्त्याहप्त्यानं दिसायची. एक दिवस तो मास्तरांना म्हणाला, "मास्तर, शिल्लक तुकड्यांतून एक स्टूल करू का? मुलाखतीच्या खोलीत पोरांना उभं राहायला?" मास्तरांनी साहेबांना विचारलं, साहेबांनी मान हलवली, आणि बाकांच्या उरलेल्या फळ्यांतून मी झालो.

माझ्यावर त्यानं जितका जीव लावला, तितका एखाद्या टेबलावरही लावला नसेल. कडा गोल केल्या, कारण पोर अनवाणी उभं राहील. पायांना खाली आडव्या पट्ट्या दिल्या. तळहात तर किती वेळा फिरवला, मोजलं नाही. मग मला उचलून शिपायाच्या हातात दिलं आणि म्हणाला, "जपून न्या." मी भिंतीच्या या बाजूला आलो, तो त्या बाजूला राहिला. तो तळहात मला परत कधी लागेल, असं तेव्हापासून वाटत राहिलं.

पहिल्या भेटीत पिटुकली माझ्यावर चढली आणि काचेतून थेट बापासमोर आली. तिचा एक दात पडला होता. बाप बघतच राहिला.

"बाबा, हे स्टूल तुम्ही केलंय?"

"मीच. पाय घट्ट ठेव. पडलीस तर काकू मला रागवेल."

"मी नाही पडत. तुम्हाला माझी नवी चप्पल दिसतेय का?"

"नाही गं पिटुकले. तीच तर दिसत नाही."

काचेच्या चौकटीला खालपासून वरपर्यंत स्क्रू आहेत. तिची हनुवटी कितव्या स्क्रूपाशी येते, ते तो डोळ्यांत साठवायचा. भिंतीची उंची त्यानं विती टेकवून घेतली होती. माझी उंची तर त्याच्या हाताखालचीच. कारखान्यात परतला की भिंत अधिक स्क्रू, त्यातून मी वजा, असा हिशोब करायचा आणि रॅकमागं उभ्या केलेल्या एका पट्टीवर खाच पाडायचा. ती पट्टी म्हणजे त्याची लेक. हे सगळं मला मागाहून कळलं. मास्तरांना तो म्हणायचा, "बघा, खांद्याला लागली असती आता." मास्तर म्हणायचे, "लागेल, लागेल. आधी त्या ड्रॉवरचं बघ." पण पट्टीला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही.

वर्षं गेली. माझ्यावर शेकडो पोरं उभी राहिली. काही रडली, काहींनी च्युइंगगम चिकटवलं. बायका आत आल्या की आधी माझ्यावर पिशव्या ठेवतात, मग पदर नीट करतात. पुरुष काचेत बघून केसांवरून हात फिरवतात. बोलायला वेळ थोडा आणि निम्मा जातो "बरा आहेस ना" आणि "तुम्ही बरे ना" यातच. खरं बोलणं शिपायानं "चला" म्हटल्यावर सुचतं.

मग माझं नशीब फिरलं. खोक्यातली एक फरशी खचली आणि मी डुगडुगायला लागलो. दोष फरशीचा, नाव माझं. आमचा मुलाखतीचा शिपाई तसा भला माणूस. त्याला वाटलं, एखादं पोर पडायचं. त्यानं झाडझूड करणाऱ्या मामांना सांगितलं, मामा कुठूनशी करवत घेऊन आले आणि माझा एक पाय थोडा कापला. मग दुसरीकडून डुगडुगलो, म्हणून तोही कापला. मग तिसरा. माकडानं मांजरांना लोणी वाटून दिलं, तशी गत झाली. शेवटी मी चार बोटं बुटका झालो आणि तरीही डुगडुगतच होतो. तेव्हा मामांनी कागदाची घडी खाली सरकवली आणि मी स्थिर उभा राहिलो. अहो, ती आधीच सरकवली असती तर?

पुढच्या भेटीला पिटुकली नेहमीसारखी चढली. बापाचे डोळे स्क्रूकडं गेले आणि कपाळाला आठी पडली.

"नीट उभी राहा."

"नीटच उभीय बाबा."

"पाय वाकवू नकोस."

"नाही वाकवले!"

तो पुन्हापुन्हा स्क्रूच मोजत राहिला. त्यानंतरच्या भेटीतही हनुवटी खालीच. त्याच्यापुरती लेक वाढायची थांबली होती, उलट खुरटली होती. मी आतून ओरडत होतो, अरे बाबा, कमी मी झालोय, ती नाही! पण लाकडाला फार तर करकर करता येतं. ती मी केली. शिपाई म्हणाला, "तेल घालायला हवं."

तिसऱ्या भेटीत त्याचं डोकं फिरलं.

"वहिनी, पोरीला पोटभर घालता ना?"

"काय म्हणालात भाऊजी?"

"वाढ खुंटलीय तिची. मला काय दिसत नाही? तुमची स्वतःची दोन आहेत. तिच्या ताटात काय पडतं, ते मी इथून कसं बघणार?"

वहिनीनं पोरीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "माझ्या पोरांच्या आधी तिला वाढते मी. आजारी पडली तर तिच्या उशाशी बसते. आजवर कधी बोलून दाखवलं नाही, आणि तुम्ही हे ऐकवलंत." तिनं पोरीला माझ्यावरून खाली घेतलं आणि दार ठोठावलं. शिपायानं दार उघडलं. पहिल्यांदाच घरचे आधी गेले आणि कैदी काचेमागं एकटा उभा राहिला.

पुढचा महिना कुणी आलं नाही. त्याच्या पुढचाही नाही. खोक्याचं दार उघडलं की माझं सगळं लक्ष तिकडं. कधी दुसरंच पोर, कधी कुणाची म्हातारी आई. पिटुकलीचे पाय मी ओळखत होतो. डाव्या अंगठ्यावर ती जास्त भार द्यायची. तो भार कुणातच नव्हता.

अशात एक जाडजूड इसम बल्ब बदलायला माझ्यावर चढला आणि माझी आडवी पट्टी चिरली. आमच्याकडं रीत आहे, जे कारखान्यात बनलं ते दुरुस्तीलाही कारखान्यातच जातं. चिरल्याचं मला दुःख व्हायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला उचलून शेडकडं नेलं तेव्हा मला आनंदच झाला.

ड्रायव्हरनं मला लगेच ओळखलं. उलटं केलं, मांडीवर घेतलं आणि तो तळहात फिरवला. किती वर्षांनी! फिरवत फिरवत हात पायांच्या टोकाशी आला आणि थांबला. टोकं खरखरीत होती, ओबडधोबड कापलेली. त्याच्या हातची नव्हेत. त्यानं पट्टी लावून मोजलं. पुन्हा मोजलं. मग रॅकमागं जाऊन खाचांसमोर उभा राहिला आणि तिथंच भुशात खाली बसला.

"काय रे, काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, पोरगी वाढत होती हो. स्टूल कमी झालं होतं."

मास्तरांना आधी कळेना. कळलं तेव्हा ते त्याच्याशेजारी टेकले. तो रडत होता. "पुन्हा तेच केलं मी. आधी बोलून मोकळा झालो, मग विचार केला. ती बाई माझ्या पोरीची आई झाली आणि मी तिच्या ताटाचा हिशोब मागितला."

त्यानं माझ्या चारही पायांना तुकडे जोडले. लाकूड वेगळ्या रंगाचं होतं, त्यामुळं मोजे घातल्यासारखा दिसतो मी. काम चालू असताना मास्तरांना सांगत होता, की काल तुरुंगातल्या फोनवरून घरी बोलला. वहिनी फोनवर आलीच नाही. भावाला सांगितलं, "तिला म्हणावं चूक माझी, स्टुलाचे पाय कापले होते." भाऊ म्हणाला, "तुझं डोकंबिकं ठीक आहे ना?"

मी पुन्हा खोक्यात आलो. आता माझी उंची बरोबर होती, फक्त उभं राहणारं कुणी नव्हतं. असेच दिवस गेले, फार दिवस. मी तर आशाच सोडली होती.

आणि एके दिवशी दार उघडलं. आधी वहिनी आली, तिच्यामागं पिटुकली. मी सावरून उभा राहिलो, आता डावा अंगठा टेकेल म्हणून. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पायानं मला बाजूला सरकवलं. जमिनीवरच उभी राहिली. हनुवटी भिंतीच्या जरा वर आली.

पलीकडून बापाला आणलं. त्यानं तिला बघितलं आणि सवयीनं त्याचे ओठ हलले. भिंत अधिक स्क्रू, त्यातून मी वजा. त्याचा चेहरा पडला. हिशोबानं ती पाच वर्षांची पोर निघत होती.

तेव्हा तिनं वाकून मला दोन्ही हातांनी उचललं आणि काचेसमोर धरलं, माझे पाय वर करून.

"बाबा, हे बघा स्टूल. मी खालीच उभीय."

तो माझ्याकडं बघत राहिला, मग तिच्याकडं. त्यानं तळहात काचेला लावला, बरोबर माझ्यासमोर. मधल्या काचेमुळं तो मला लागला नाही.

वहिनी पुढं झाली. डोळे पुसत म्हणाली, "घ्या भाऊजी, आता नीट मोजून घ्या. आणि जेवण कमी पडतंय का, तेही सांगा."

"वहिनी, चुकलो मी."

"ते कळलं. तुमच्या भावानं तो स्टुलाचा निरोप चार वेळा सांगितला, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला."

त्या दिवसापासून पिटुकलीला माझी गरज उरली नाही. ती येते, मला कोपऱ्यात सरकवते, जाताना कधीतरी माझ्यावर बसून चप्पल नीट करते. माझा बाप अजून पलीकडंच आहे. त्याची बरीच वर्षं बाकी आहेत. मी त्याच्या लेकीच्या पायांशी असतो आणि तो माझ्या हातभर अंतरावर, तरी आम्हा दोघांनाही जे हवंय ते काचेच्या दुसऱ्या बाजूला असतं. माझी पुन्हा एखादी पट्टी चिरावी, असं मला अधूनमधून वाटतं.

तुम्ही कधी या खोक्यात आलात तर पोराला माझ्यावर खुशाल उभं करा. एवढंच मागणं आहे, की मी डुगडुगलो तर खाली कागदाची घडी सरकवा, पाय कापू नका. पलीकडं कुणीतरी माझी उंची वजा करून आपलं पोर मोजत असतं.