पिंजऱ्यात काय होतं ते मला ठाऊक आहे

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांना मी ओळखूही येणार नाही. मुदखेडच्या एका घरात टीव्हीखालच्या फळीवर एक काळा चपटा डबा आहे. घरातले लोक त्याच्यावर चार्जर, गोळ्यांच्या पट्ट्या आणि लाईटबिलं ठेवतात. तो डबा म्हणजे मी, एक जुना व्हिडिओ. माझ्या तोंडात कॅसेट घातली की तिच्यातली फीत उलगडते आणि तिच्यावरचं चित्र नि आवाज टीव्हीवर जातो. एवढंच माझं काम. ते मी चोख केलं. तरी माझं सगळं आयुष्य चिडण्यात गेलं. का, ते सांगतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने कानाला यंत्र लावून माझा आवाज शेवटपर्यंत ऐकला आणि मान हलवून मला पास केलं. इतक्या शांतपणे मला ऐकणारं माणूस पुढे किती तरी वर्षं भेटलं नाही. कारखान्यातून मी कुवेतला एका मालकाच्या घरी गेलो. त्याने नवं यंत्र घेतलं तेव्हा त्याच्याकडे वायरिंगचं काम करणाऱ्या आनंदराजला मी मिळालो, सोबत कॅसेटचा एक खोका. आनंदराजने मला घोंगडीत गुंडाळून मुदखेडला आणलं आणि आपल्या थोरल्या बहिणीला, सरजाबाईला दिलं. तिचा नवरा भीमा स्टेशनात पॉइंट्समन होता. गाड्यांसाठी रूळ जोडायचे, सिग्नल पाडायचे, हे त्याचं काम. ते रेल्वेच्या क्वार्टरात राहत.

त्या खोक्यात गाणी नव्हती, मारामारीचे सिनेमे नव्हते. सगळ्या कॅसेटवर मिळून एकच मालिका होती. साठ सालानंतर कधीतरी विलायतेत निघालेली, इंग्रजी, काळी-पांढरी. एक उंच गुप्तहेर कापडाने झाकलेला पिंजरा घेऊन गावोगाव फिरतो. पिंजरा कोणाला द्यायचा ते त्याला माहीत नाही. एका गावात लोक त्याला मेला समजून त्याच्या समोरच रडतात. एका ठिकाणी न्यायाधीश समुद्रात खुर्ची टाकून बसलेला, पाणी छातीपर्यंत. एका घरात त्याला जावई म्हणून पोटभर जेवू घालतात आणि हात धुवून झाल्यावर बंदुका काढतात. कशाचा कशाला मेळ नव्हता. पण पिंजऱ्यात काय आहे हे कळल्याशिवाय कोणी उठायला तयार नसायचं.

दर रविवारी दुपारी क्वार्टरांची सगळी ओळ सतरंजीवर येऊन बसे. आणि टीव्हीशेजारी एकच खुर्ची असे. ती हणमंत गुरुजींची.

मित्रांनो, माझ्या चिडण्याची सुरुवात त्या खुर्चीपासून झाली. गुरुजी शाळेत इंग्रजी शिकवत. माणूस प्रेमळ. पण त्यांनी इंग्रजी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं होतं, बोललेलं इंग्रजी त्यांच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. तो गुप्तहेर तर दात आवळून बोलायचा. गुरुजींना ओ की ठो कळत नसे. पण सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत असत.

“काय म्हणला तो, गुरुजी?” सरजाबाई विचारी.

“तो म्हणाला, तहसीलदाराला भेटल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.”

“तिकडं बी तहसीलदार हाय का?”

“तहसीलदार कुठे नसतो?” गुरुजी म्हणत आणि सगळी ओळ हसे.

गुप्तहेर खरं म्हणजे म्हणाला होता, “तुमच्या टोपीवर पक्षी बसला आहे.” मी स्वच्छ ऐकवलं होतं. पण गुरुजींचा आवाज माझ्या वरून जायचा. मी दर रविवारी खरं बोलत होतो आणि लोक दर रविवारी भलतंच ऐकून घरी जात होते.

मग शेवटची कॅसेट आली. गुप्तहेर एका रिकाम्या मैदानात टेबलापाशी थांबतो. पिंजरा टेबलावर ठेवून स्वतःच्या बाजूचं कापड उचलतो. आपल्याला फक्त त्याचा चेहरा दिसतो. पिंजऱ्याचं तोंड त्याच्याकडे असतं. तो आत बघतो, एक वाक्य बोलतो, आणि संपलं. नावं वर जायला लागतात.

सतरंजीवर गलका झाला. भीमाने कॅसेट मागे घेतली, पुन्हा लावली. गुरुजींनी कान टीव्हीला चिकटवला. मी ते वाक्य पुन्हा सांगितलं. त्यांना घाम फुटला.

“आवो, पिंजऱ्यात व्हतं काय?” भीमा बेजार होऊन म्हणाला. “इतके रविवार खामखा बसलो का आम्ही?”

गुरुजींनी रुमालाने तोंड पुसलं. “तो म्हणतो, पिंजऱ्यात काय होतं ते पुस्तकात दिलंय.”

“कंच्या पुस्तकात?” सरजाबाईने विचारलं.

“आहे एक. मराठीतही निघेल. मी मागवतो.”

तो एक शब्दही पुस्तकाबद्दल बोलला नव्हता. पण मला विचारतो कोण?

सरजाबाईला तेव्हा अक्षर ओळखता येत नव्हतं. तिची पोरं शाळेत जायची आणि ती अंगठा उठवायची. दुसऱ्या दिवशी ती धाकट्या पोराची पाटी घेऊन बुद्धविहारातल्या प्रौढांच्या वर्गाला निघाली. ते पुस्तक आलं की तिला कोणाच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं.

“पुस्तकाचा पत्ता न्हाई आन् ही निघाली शिकायला,” भीमा म्हणाला.

“तुम्ही गाडी आल्यावर सिग्नल पाडता का?” ती म्हणाली. “आधीच पाडता ना?”



ती शिकली. आधी डब्यांवरची नावं, मग स्टेशनावरच्या पाट्या, मग पेपर. पुढे विहारातल्या कपाटातली पुस्तकं एकेक करून घरी आणून वाचली. गुरुजी वाटेत भेटले की विचारायची, “आलं का माझं पुस्तक?” गुरुजी कधी म्हणत नायगावला सांगून ठेवलंय, कधी म्हणत हैदराबादहून यायचंय. आणि चालण्याचा वेग वाढवत.

इकडे माझे दिवस फिरले. आधी मला लग्नाच्या कॅसेट दाखवायला शेजारीपाजारी नेत. चित्र खराब आलं की माझ्या आतलं फीत वाचणारं नाजूक हेड कोऱ्या नोटेने घासत. मित्रांनो, असं कधी करू नका. मग केबल आली, सीडी आली, आणि माझी वायर सरजाबाईने काढून दुधाचा कॅन बांधायला घेतली. भीमाने रिटायर झाल्यावर घर बांधलं. त्या घरात मला फळी मिळाली आणि पालीने माझ्या पोटात अंडी घातली. भीमा गेला, तरी माझ्यावरची धूळ तशीच होती.

गेल्या उन्हाळ्यात सरजाबाईला छातीचा त्रास झाला. दवाखान्यातून आल्यावर तिने नातीला, लुंबिनीला जवळ बसवलं. लुंबिनी नांदेडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते.

“मला ते पिंजऱ्याचं पुस्तक पायजे,” सरजाबाई म्हणाली. “मी हाय तवर. त्याच्यासाठीच शिकले मी.”

लुंबिनीने मोबाईलवर दोन दिवस शोधलं. “आजी, असं पुस्तकच नाही. ती मालिकासुद्धा कुठं सापडून नाही राहिली.”

“गुरुजी खोटं सांगतील का?”

तेव्हा लुंबिनीची नजर माझ्यावर पडली. तिने मला आणि खोक्यातल्या शेवटच्या कॅसेटला नांदेडला ईश्वरप्पा मिस्त्रीकडे नेलं. माझ्यातला रबरी पट्टा विरघळून डांबर झाला होता. त्याने तो बदलला, नवी वायर जोडली, पालीची अंडी झाडली. मग कॅसेट उजेडात धरून बघितली. फितीवर पांढरी बुरशी होती.

“एकदा चालंल, ताई,” तो म्हणाला. “दुसऱ्यांदा भरवसा न्हाई.”

रविवारी दुपारी गुरुजींना बोलावणं गेलं. त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. सरजाबाईने रिक्षा पाठवली. काठी टेकत आले आणि सवयीने टीव्हीशेजारच्या खुर्चीत बसले. मी सुरू झालो. चित्र थरथरत होतं, पण आवाज आला. मैदान आलं, टेबल आलं.

“आता बघा हं,” गुरुजींनी घसा खाकरला, “हा काय म्हणतो...”

“गुरुजी,” सरजाबाई म्हणाली, “आज तुम्ही गप बसा.”

खोली शांत झाली. मित्रांनो, तेवढ्या शांततेसाठी मी किती वर्षं थांबलो होतो. गुप्तहेराने कापड उचललं, आत बघितलं आणि मी ते वाक्य सांगितलं. लुंबिनी हसली आणि लगेच थांबली.

“तो म्हणाला, चहा थंड झाला.”

“म्हंजी पिंजऱ्यात चहा व्हता?”

“हाव, आजी. चहाचा कप.”

“आन् पुस्तकाचं?”

“पुस्तकाचं काहीच नाही म्हणाला.”

सरजाबाईने गुरुजींकडे बघितलं. गुरुजी काठीच्या मुठीकडे बघत होते.

“मला कळलं नव्हतं,” ते म्हणाले. “सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.”

“दुसऱ्या दिवशी सांगायचं व्हतं.”

“दुसऱ्या दिवशी तुम्ही पाटी घेऊन निघाला होतात, सरजाबाई. मग कसं सांगणार?”

टीव्हीवर नावं संपली आणि नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या. मला वाटलं, आता ती त्यांना घराबाहेर काढते. माझी हरकत नव्हती.

“लुंबे, कागद आन,” ती म्हणाली. “गुरुजी, पुस्तक तुम्ही कबूल केलं हाय. सांगा. सगळे रविवार पहिल्यापासून सांगा. मी लिहिते.”

“मी टाइप करते ना, आजी.”

“तू ऱ्हाऊ दे. माझं पुस्तक हाय.”

गुरुजींचा चेहरा उजळला. “लिहा. पिंजऱ्यात होता एक बोलका पोपट...”

“पोपटबिपट न्हाई. आधी त्यानं म्हटलं ते लिहिते.” आणि तिने मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं, ‘चहा थंड झाला.’ मग मान वर केली. “आता तुमचं सांगा. का थंड झाला?”

“तहसीलदार वेळेवर आला नाही म्हणून,” गुरुजी म्हणाले.

तिने तेही लिहिलं. लुंबिनी हसून हसून लोळली. मी खोलीतच होतो, चालू होतो, मला सगळं पाठ आहे, पण पुढे मला एकदाही कोणी विचारलं नाही. तेव्हापासून गुरुजी दर रविवारी रिक्षाने येतात आणि ते दोघं मिळून तीस कागद भरतील एवढं खोटं लिहून बसले आहेत. त्यात माझं खरं वाक्य एकच आहे. ते पहिलं आहे, एवढी तसल्ली.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, किंवा जुनं माणूस असेल, तर त्याच्यावर गोळ्यांच्या पट्ट्या ठेवण्याआधी एकदा गप्प बसून त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐका. त्याच्या वतीने बोलू नका. आणि कोणी मुदखेडला आलात तर माझ्या पोटातली ती कॅसेट तेवढी काढा. त्या दिवसापासून आतच आहे.