मधला चौकोन

आमच्या घरात मुलीसाठी गोधडी शिवतात, पण पुरी करत नाहीत. मधला चौकोन मोकळा ठेवायचा, तिथे नुसतं पांढरं अस्तर. लग्न झालं की नवऱ्याच्या जुन्या शर्टाचं कापड त्यावर बसवायचं आणि मग शेवटचा टाका. ही शिस्त कोणी घालून दिली देव जाणे. मुलीला नवरा नसतानाही थंडी वाजू शकते, हे त्या शहाण्याला सुचलं नसावं.

माझी गोधडी आईने शिवली. माझे फ्रॉक, बाबांचे पायजमे, उशांचे जुने अभ्रे, सगळं तिच्यात आहे. माझं लग्न ठरलं आणि ऐनवेळी मुलाकडच्यांनी शब्द फिरवला. कारणही सांगितलं नाही. गोधडी ट्रंकेत गेली. अधूनमधून आई तिला ऊन दाखवायची, तेव्हा दोरीवरचा तो पांढरा चौकोन अख्ख्या गल्लीला दिसायचा. येणाऱ्याजाणाऱ्या बायका विचारायच्या, अजून राहिलीच का? त्या गोधडीबद्दल विचारत नसत, एवढं मला कळत होतं.

मी छत्र्यांच्या कारखान्यात पाकळ्या जोडते. पाकळी म्हणजे छत्रीच्या कापडाचा लांबट त्रिकोण. आठ पाकळ्या जोडल्या की छत्री होते. माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलं तरी हेच काम चाललंय, आणि हाताला आता माझी गरज उरलेली नाही.

यंदा पुतणीचं लग्न ठरलं. तिची गोधडी वहिनीने कधी शिवायला घेतलीच नव्हती. जेवताना वहिनीने विषय काढला. ती गोधडी तशीही पडूनच आहे, मधे जावयाचं कापड बसवलं की झालं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्यात वहिनीचा हात धरणारं कोणी नाही. मी दादाकडे पाहिलं. तो ताटातून मानही वर न करता म्हणाला, "तुला आता कशाला लागतेय ती?"

आई शेजारीच जेवत होती. तिला आता फारसं दिसत नाही, पण ऐकू चांगलं येतं.

मला राग आला, आणि तो दुसऱ्या दिवशीही उतरला नाही. कशाला लागते म्हणजे? मी काय भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी आहे, की मला पांघरूण लागू नये? कारखान्यात कोपऱ्यातल्या पोत्यात उरलेल्या पाकळ्या पडलेल्या असतात, कुठे रंग फुटलेला, कुठे पट्टे वाकडे आलेले. मी मुकादमाला विचारलं. त्याने कशासाठी म्हणून विचारलं, तर म्हटलं, एक काम अडलंय माझं. घेऊन जा, म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी सगळे खरेदीला गेले. मी ट्रंक उघडली आणि आधी मधलं अस्तरच कापून टाकलं. ते पांढरं मला आणखी एक दिवस बघायचं नव्हतं. लाल, चौकड्यांची, हिरवट, जी हाताला लागली ती पाकळी घेतली, आठ जोडल्या, कडा चौकोनात कापल्या आणि गोधडीत बसवल्या. कापड निसरडं, सुईखाली ठरेना, तरी शिवलं. मग जमिनीवर पसरलं आणि कपाळावर हात मारला.

मधला चौकोन टम्म फुगला होता. छत्रीला बाक यावा म्हणून पाकळीच्या कडा किंचित गोलाईत कापतात. गोधडीसाठी त्या सरळ करून घ्यायला हव्या होत्या. ते माझ्या ध्यानातच आलं नाही. हाताने सवयीने छत्री शिवून ठेवली होती.

तेवढ्यात सगळे परतले. वहिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिच्या लक्षात आलं की जावयाच्या कापडाला जागाच उरली नाही, आणि तिचं हसू मावळलं. उसव म्हणाली. मी सांगितलं, खाली अस्तर नाही, उसवलंस तर हाती भोक येईल. ती दादाकडे बघू लागली, दादा आईकडे.

आई जमिनीवर बसली. तिचा हात कडेकडेने सरकत फुगवट्यापाशी आला, त्यावरून चढला आणि पलीकडे उतरला. मग शिवणीवर थांबला.

"टाके बारीक घातलेस," ती म्हणाली. "एक कोपरा राहिलाय. सुई दे."

मी सुई ओवून दिली. तो शेवटचा टाका आईने चाचपत घातला आणि दोरा दाताने तोडला.

"असल्या गोधडीत झोपणार कोण?" दादा म्हणाला.

मी भर दुपारी, सगळ्यांदेखत, तिथेच जमिनीवर आडवी झाले आणि गोधडी अंगावर ओढली. मी लहानपणापासून पाठीवर झोपते, गुडघे उभे करून. फुगवटा बरोबर गुडघ्यांवर बसला. इतकी मापाची वस्तू मला या घरात कधी मिळाली नव्हती.

वहिनी पुटपुटली, आता माझ्या पोरीचं काय?

"तिची मी शिवते," मी पांघरुणातूनच म्हटलं. "पण सुरुवात मधल्या चौकोनापासून करणार."