बोंडलं काळंच राहू द्या

मी एक जुनं चांदीचं बोंडलं आहे, मित्रांनो. बोंडलं म्हणजे तान्ह्या बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी. तुम्ही कशाला पाहिली असणार! रायपूरच्या सदर बाजारातल्या एका सोनाराने मला घडवलं आणि ब्राह्मणपाऱ्यातल्या, म्हणजे तिथल्या ब्राह्मण मोहल्ल्यातल्या, एका मराठी घराने विकत घेतलं. सोनाराचे हात फार चांगले होते. घराबद्दल तसं म्हणवत नाही.

तरी सुरुवातीला माझा मान होता. बाळंतीण तापाने पडली, कुणाला खरंच दूध आलं नाही, की मला काढायचे. या घरच्या थोरल्या मुलाला असंच मी जगवलं. पुढे त्याने इंदूशी लग्न केलं. माझ्यासमोर या घरात आलेली बाई, म्हणून मी तिला एकेरीच म्हणतो. मान देण्याजोगं तिने काही केलेलंही नाही.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं तेव्हाची गोष्ट. पाऱ्यात ज्याला त्याला शिंगं फुटली होती. पानठेल्यावर उभा राहणारासुद्धा मंत्र्याखालच्या कुणाची ओळख सांगत नव्हता. राजधानी आली, अक्कल मागच्या गाडीने येणार होती. ती अजून यायचीच आहे.

त्याच दिवसांत इंदूची सून श्रावणी बाळंत झाली. मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण बिचारीला आई नव्हती, म्हणून सासूच्या तावडीत सापडली. दवाखान्यात नर्सबाईने बजावून सांगितलं की बाळाला आईचंच दूध द्या, पहिल्यापासून द्या. इंदू तिथे 'हव, हव' करत मान डोलावत राहिली आणि घरी येऊन तिने आपलंच खरं केलं. म्हणे पहिलं पिवळं दूध नासकं असतं, पोराला बाधतं. हे तिला कोणी सांगितलं? शेजारच्या पद्मिनीमावशीने. पद्मिनीमावशीला कोणी सांगितलं? देव जाणे. उचलली जीभ, लावली टाळ्याला! श्रावणीचं पिवळं दूध वाटीत पिळून मोरीत ओतलं, आणि बाळाच्या तोंडात माझी चोच खुपसली. माझ्यात काय, तर पाणी घातलेलं गाईचं दूध.

पोर पातळ शी करायला लागली. गालफडं बसली, आवाज बारीक झाला. तिकडे श्रावणीची छाती दगडासारखी भरून आलेली, अंगात ताप, पोलकं ओलंचिंब, आणि इंदू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की आमच्या सुनेला दूधच नाही. डोळे होते की कवड्या? बघायला येणाऱ्या बायका डिंकाचा लाडू खायच्या, चुकचुकायच्या, पदराला हात पुसून निघून जायच्या. आणि नवरा! हा भार्गव उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात ट्रकवाल्यांवर डाफरायचा, घरी आला की मान खाली. बायको रडायला लागली तर म्हणे, "मम्मी बोल रही है तो कुछ सोचके ही बोल रही होगी." मम्मीने आयुष्यात काही विचार केल्याचं मी पाहिलेलं नाही.

पाचवीची पूजा आली. नेमकी त्याच आठवड्यात गवळी तुळशीरामची गाय व्यायली होती, त्याने चीक आणून दिला. इंदूने वेलची-जायफळ घालून खरवस केला. घरभर वाटला. पद्मिनीमावशीने तीनदा मागून घेतला, मित्रांनो, तीनदा! एक वडी श्रावणीपुढेही आली. इंदू कौतुकाने म्हणाली, गाय व्याल्यावरचं पहिलं पिवळं दूध आहे, यात लई ताकद असते, खा.

श्रावणीने बशी खाली ठेवली. 

"आई, वासराच्या तोंडचं पिवळं दूध तुम्ही मले खाऊ घालून राहिल्या. मग माझ्या पोट्टीच्या तोंडचं मोरीत काहून ओतलं?"

 इंदू म्हणाली, ते वेगळं. आणि तिने बशी पुन्हा पुढे सरकवली. पद्मिनीमावशी तोंडातला घास गिळायचं विसरली.

श्रावणीने दार लावून घेतलं आणि लेकीला छातीशी धरलं. पण पोरीला माझ्या चोचीची सवय लागलेली, ती तोंड फिरवून रडायची. दुपारभर रडली. मला तर वाटलं, आता ही पोर जाते. बाहेरून इंदू दार वाजवत होती की बोंडलं दे, लेकरू मारतेस का. श्रावणीने मला उचललं, खिडकीतून दूध ओतून दिलं आणि मला पालथं घातलं. रडत होती, पण पुन्हा पुन्हा लावत होती. ऊन कलताना पोरीने धरलं एकदाचं. घटाघटा गिळल्याचा आवाज मी माझ्या पालथ्या पोटाखालून ऐकला. इतका सुंदर आवाज माझ्यातून कधी आला नव्हता.

ती निधी. आता ती आईपेक्षा उंच आहे. मी शोकेसमध्ये पडून असतो. कोणी पुसत नाही, मी काळा पडलोय. पाहुणे आले की इंदू मला दाखवून सांगते, आमची नात याच्यावरच वाढली. थापाडी म्हातारी!

परवा भार्गवच्या धाकट्या भावाची बायको गरोदर असल्याचं कळलं, तशी इंदू मला काढून रांगोळीने घासायला बसली. श्रावणीने तिच्या हातातून मला घेतलं.

"राहू द्या, आई. काळंच बरं दिसते."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना घासूनपुसून जपा, असं बाकीच्या वस्तू तुम्हाला सांगतील. मी उलटं सांगतो. बाळंतिणीला जपा, तिचं ऐका, आणि मला घासू नका. या घरातलं लेकरू आईच्या कुशीत पोटभर पीत असेल, तर मी असाच काळा पडून राहीन.