मेलेले जंतू

"उगा राय ना रे बावा! मले का हौस हाय तुले धरून ठेवाची?"

निर्मलाबाई सशाला टॉवेलात गुंडाळून पुटपुटली. ओमेश्वरीने सशाचा कान चोळून शीर फुगवली, सुई टोचली. रक्त नळीत उतरू लागलं. तेवढ्यात बाईचं मनगट तिला लागलं. तापलेलं.

"ताप गेला नाही, मावशी?"

"येऊन जाऊन राहिला. आमगावच्या डाक्टरनं मलेरियाच्या गोळ्या देल्ल्या."

गोंदियातल्या त्या कॉलेजचं प्राणीगृह म्हणजे सायकल स्टँडमागची पत्र्याची खोली. ओमेश्वरी संशोधनासाठी टायफॉइडचे जंतू उष्णतेने मारून सशांना टोचायची आणि रक्तात प्रतिपिंडं किती वाढली ते बघायची. पिंजरे बाई साफ करायची आणि हात पदरालाच पुसायची. या खेपेला प्रतिपिंडं अशी चढली की भूपेंद्र सरांनी पेढे वाटले. त्याच आठवड्यात दोन ससे मेले. "उन्हाळा आहे," सर म्हणाले. "गर्मी बहुत है," प्रयोगशाळेतला दुलीचंद म्हणाला. ओमेश्वरीनेही मान डोलावली. जंतू मारायला गरम पाण्यात ठेवले त्या दुपारी लाईट गेली होती. पाणी किती वेळ कोमट राहिलं, कुणी विचारलं नाही. जंतू मेले की नाही हे त्यातले थोडे वाढवून बघायचं असतं. सेमिनारच्या घाईत तेही राहिलं.

"मावशी, तुझंही थोडं रक्त देशील?"

"मी का ससा हाय?" बाई हसली, पण हात पुढे केला.

दुसऱ्या सकाळी सशांच्या नळ्यांशेजारी बाईची नळी होती. तिच्याही तळाशी तशाच गुठळ्या, म्हणजे टायफॉइडची प्रतिपिंडं.

सरांनी नळी उजेडात धरली. "गावाकडे निम्म्या लोकांची चाचणी अशीच येते. जुना टायफॉइड असेल. बाईला घाबरवू नकोस. पेपर परवा जायचाय."

दुलीचंदने नळ मोठा सोडला आणि धुतलेल्या नळ्या पुन्हा धुवायला घेतल्या.

बाहेर बाई भिंतीला टेकून सशांसाठी घास निवडत होती. कपाळावर घाम, ओठ सुकलेले.

"का निंगालं, पोरी? ससा का बाई?"

ओमेश्वरी तिच्यासमोर उकिडवी बसली. तिच्या मांडीवरचा घास बाजूला केला. मागे सर दारात येऊन उभे राहिल्याचं तिला कळलं. तिने आवाज खाली आणला नाही.

"मलेरिया नाही, मावशी. टायफॉइड आहे. चल, दवाखान्यात जाऊ. सशांना मी टोचलेले जंतू मेलेच नव्हते."