जिवनबाईंच्या अकरा टेपा

"हीबी वाचून न्हाई राहिली," असं म्हणत यांनी लागोपाठ दहावी टेप ड्राइव्हमधून ओढून काढली.

"तुमीच आणलं हे दुखणं घरात," मी म्हणाले. तीन वर्षं त्या टेपांनी मला वीट आणला होता.

माझ्या सासूबाई जिवनबाई म्हणजे डोंगरकड्याच्या सुईण. चाळीस वर्षांत गावातलं कोणतं लेकरू कधी, कसं जन्मलं, सगळं तोंडपाठ, पण लिहिता येत नव्हतं. माझे यजमान धम्मानंद हिंगोलीत टेलिफोन मेकॅनिक. अठ्ठ्याण्णव साली यांनी घरी कॉम्प्युटर घेतला आणि आईपुढे माइक धरला. तो आवाज फ्लॉपीत मावेना, म्हणून नांदेडहून जुना टेप ड्राइव्ह आला. टेपा मात्र कोऱ्या करकरीतच हव्यात, म्हणून चार दुकानं पालथी घातली. उन्हानं खराब होऊ नयेत म्हणून त्यांच्यासाठी माझा डाळीचा डबा गेला. दर रविवारी ड्राइव्हचं टेप वाचणारं-लिहिणारं हेड कापसानं पुसायचं, एकेक टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची. इतकी माझी उस्तवार केली असती तर!

सासूबाई गेल्या. वर्षानं यांनी नवा ड्राइव्ह आणला, त्याच दिवशी मी जुना भंगारवाल्याला देऊन टाकला. विचारलंसुद्धा नाही. आठच दिवसांत कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. आता सासूबाईंचा आवाज राहिला तो फक्त टेपांवर, आणि हे अकराव्या टेपेपासून उलटे तपासत दुसरीपर्यंत आले होते.

"नव्या ड्राइव्हला काहून वाचता येत न्हाई?" मी विचारलं.

"पहिल्या टेपेनंतर जुना अडखळून राहिला व्हता, तवा त्याचं हेड मीच पेचकसानं सरकवलं. वाकडं बसलं. त्यानं वाकडंच लिवलं, ते त्यालाच वाचता यायचं."

मी चपला घातल्या आणि भंगारवाल्याकडे गेले. माल कधीच तोडून नांदेडला गेला होता. परत आले. यांना सांगितलं तर हे एवढंच म्हणाले, "दिला तू, पण वाकडा मी केला."

त्यापेक्षा यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"पहिली राहिली," मी म्हणाले. "ती तर हेड सरकवायच्या आधीची."

ती वाचली गेली.

"काय बोलू रे?" सासूबाईंचा आवाज आला. मी आवाज वाढवला.

"काहीबी बोल, माय," यांचा आवाज.

"असं कसं काहीबी बोलू? तुझ्या जल्माचं सांगू का?"

"थांब जरा. आधी मशीन बराबर करतो."

पुढे अर्धा तास नुसती यांची खुडबुड. मधेच सासूबाईंचं खोकणं, मधेच बांगड्या. यांनी टेप बंद केली नाही, मीही केली नाही. शेवटपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मुलानं थांब म्हटलं होतं, म्हणून थांबल्या होत्या.